फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे!



आज पाककृती नाही, घर आवरायच्या युक्त्याही नाहीत. आज मला भांडायचं आहे. भांडण एका शब्दाशी आहे आणि तो शब्द तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी येऊन गेलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘फॉरमॅट’.

संगणक हळू चालतोय? फॉरमॅट मारा. प्रिंट निघत नाही? फॉरमॅट मारा. बँकेचं पान उघडत नाही? व्हायरस असणार, फॉरमॅट मारा. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला, दम्याच्या माणसाला आणि पाय मुरगळलेल्या माणसाला एखादा डॉक्टर एकच गोळी देऊ लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात कोणी उभं राहणार नाही. इथे मात्र आपण अख्खा संगणक उचलून दुकानात नेतो, संध्याकाळी पैसे मोजून परत आणतो आणि वर ‘चांगला आहे हो मुलगा, लगेच करून दिलं’ म्हणतो!

माझं म्हणणं सरळ आहे. फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. काय बिघडलंय ते शोधण्याच्या कंटाळ्याला दिलेलं ते भारदस्त नाव आहे. आणि त्या कंटाळ्याची किंमत दुकानदार भरत नाही, आपण भरतो.

आधी फॉरमॅटमध्ये होतं काय ते बघू. संगणकाची डिस्क म्हणजे धान्याचं कोठार समजा. कोणतं पोतं कुठे ठेवलंय याची एक वही असते. दुकानात सहसा जो झटपट फॉरमॅट मारतात, त्यात ही वही फाडली जाते. पोती लगेच जळत नाहीत, पण कोठार रिकामं आहे असं संगणक मानतो आणि नवी प्रणाली घालताना त्याच जागांवर नवं सामान टाकू लागतो. म्हणून चुकून कोणी फॉरमॅट मारलाच, तर त्या संगणकाला पुढे हातही लावायचा नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर न वापरलेल्या जागेतून काही फायली परत मिळवता येतात. हल्लीच्या एसएसडी डिस्कवर मात्र रिकामी ठरलेली जागा डिस्क स्वतःच पुसत जाते. तिथे परत मिळायची आशा फारच थोडी.

आता हे सगळं आपल्याला का सांगायचं? तर आमच्या ओळखीतल्या एका काकूंमुळे.

काकूंनी मंदिराच्या महिला मंडळाचा हिशेब अकरा वर्षं ठेवला. दशलक्षण पर्वातला खर्च, कोणी किती वर्गणी दिली, कोणत्या मुलीच्या शिक्षणाला किती मदत गेली, सगळं तारीखवार. त्याच संगणकात काकांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते. सासूबाईंनी अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलेले आणि काकूंनी एकेक बोटाने टाइप केलेले साठ-सत्तर पदार्थ होते. एके सकाळी संगणक सुरूच होईना. काळा पडदा आणि वर इंग्रजीत एक ओळ. घरातल्यांनी तो दुकानात पोचवला. संध्याकाळी परत आला. ‘काकू, एकदम नवा झालाय बघा, केवढा फास्ट!’ काकूंनी विचारलं, माझ्या फायली कुठे आहेत? उत्तर आलं, ‘ठेवायच्या आहेत असं तुम्ही बोललाच नाहीत.’

नंतर मी काकूंना विचारलं, त्या ओळीत काय लिहिलं होतं? त्यांना एवढंच आठवलं की ‘बूट’ असा काहीतरी शब्द होता. आणि हो, आदल्या रात्री पाठशाळेच्या पत्रिका घ्यायला लावलेला पेनड्राइव्ह तसाच राहिला होता, तो दुकानात देताना काढून घेतला. मैत्रिणींनो, पेनड्राइव्ह लागलेला राहिला की काही संगणक सुरू होताना आधी त्यातच आपली प्रणाली शोधतात, ती सापडली नाही की काळ्या पडद्यावर तसं लिहून थांबतात. पेनड्राइव्ह काढायचा, पुन्हा सुरू करायचा, संपलं. काकूंच्या बाबतीत हेच झालं होतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. कोणालाच म्हणता येणार नाही. कारण फॉरमॅटने फायलींबरोबर पुरावाही पुसला. माझा राग इथे आहे. काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी तेच बिघडतं आणि पुन्हा तेच औषध मिळतं.

आता माझ्या घरातली उदाहरणं देते. एकेक तपासून पाहिलेली आहेत.

आमच्या जुन्या संगणकावर रोज सकाळी बँकेचं पान उघडेना. ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी लाल सूचना. फोनवर सल्ला मिळाला: व्हायरस, आणून द्या, फॉरमॅट मारू. मी कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. तारीख कितीतरी वर्षं मागची! प्रत्येक सुरक्षित पानाकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. संगणकाला वाटतंय की आपण कित्येक वर्षं मागे आहोत, मग आजचं प्रमाणपत्र त्याला खोटंच वाटणार. तारीख का मागे जात होती? आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, तिच्यावर ‘सीआर २०३२’ असं लिहिलेलं असतं. आपण काटकसरीने रात्री भिंतीवरचं बटणही बंद करतो, तेव्हा घड्याळ त्या बॅटरीवरच चालतं. ती संपली होती. बॅटरी बदलली, तारीख लावली, बँक उघडली. फॉरमॅट मारला असता तर? बॅटरी मेलेलीच राहिली असती आणि बटण बंद झालं की तारीख पुन्हा मागे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसरं. माझ्या आत्याने २००४ साली एका डीटीपीवाल्याकडून पदार्थांची वही टाइप करून घेतली होती. परवा ती फाइल नव्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. एका जाणत्याने बघून सांगितलं, ‘फाइल करप्ट झालीय, डिलीट करून टाका.’ फाइल ठणठणीत होती! त्या काळातल्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडा आहे, ‘क’चा क्रमांक फक्त ‘क’चाच. मी तो जुना फॉन्ट शोधून घातला आणि वही वाचता आली. मग त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणली आणि छापील प्रतीशी ओळ न ओळ ताडून घेतली, कारण या बदलात पहिली वेलांटी आणि रफार हमखास घर सोडून पळतात. चार दुपारी गेल्या. पण आत्याच्या हातचं मेतकूट आणि थालिपीठाची भाजणी वाचली की नाही!

तिसरं उदाहरण मंडळाच्या यादीचं. एका मैत्रिणीने मदत मिळणाऱ्या मुलींच्या खात्यांचे क्रमांक स्प्रेडशीटमध्ये भरले. बारा आकडी क्रमांक भलत्याच रूपात दिसू लागले, मध्ये टिंब आणि इंग्रजी ‘ई’. सोळा आकडी क्रमांकांचा शेवटचा आकडा तर सरळ शून्य झाला. सगळ्या तिलाच बोलल्या, ‘नीट बघून भरायचं ना गं.’ ती रडायची बाकी होती. तिचा काडीचाही दोष नव्हता. स्प्रेडशीट प्रत्येक क्रमांकाला बेरीज करायची रक्कम समजते आणि पंधरा अंकांपुढचे अंक धरूनच ठेवत नाही. बारा आकडी क्रमांक नुसता दिसायला बदलतो, तो परत नीट दाखवता येतो. सोळाव्या जागचा आकडा मात्र गेला तो गेलाच. उपाय म्हणजे क्रमांक भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायचा, मग जसं लिहाल तसं राहतं. सुरुवातीचं शून्यही उडत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. शास्त्रज्ञांच्या स्प्रेडशीटमध्येही जनुकांची नावं तारखा होऊन बसत. ‘मार्च १’ नावाचं एक जनुक होतं, ‘सेप्ट १’ नावाचं दुसरं. टाइप केलं की १ मार्च आणि १ सप्टेंबर! शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जाहीर केलं की अशी नावंच बदलली आहेत. आपल्या मैत्रिणीला बोलणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. जिथे विज्ञानातल्या थोरामोठ्यांना नाव बदलून वाट काढावी लागली, तिथे दुपारी भांडी आवरून यादी भरायला बसलेल्या बाईला निष्काळजी म्हणायचा कोणाला काय अधिकार?

आता तुम्ही म्हणाल, ‘ताई, पण फॉरमॅट केल्यावर संगणक खरंच जोरात पळतो, ते कसं?’ पळतो, मान्य. घरातलं सगळं सामान अंगणात फेकलं तर घरही ऐसपैस दिसतं! वर्षभरात आपण या ना त्या निमित्ताने वीसेक प्रोग्राम घातलेले असतात, त्यातले निम्मे संगणक सुरू होताच न बोलावता उठून बसतात. फॉरमॅटने ते जातात, म्हणून वेग येतो. मग दोन-तीन महिन्यांत ते परत येऊन बसतात आणि आपण परत दुकानात. त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ची यादी असते. जे ओळखीचं आहे आणि रोज लागत नाही ते तिथेच बंद करा. तो प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येणं थांबतं. जे नाव ओळखीचं नाही त्याला आधी विचारून, शोधून मगच हात लावायचा.

आपण धान्याला कीड लागली म्हणून पोतं उकिरड्यावर नेत नाही. सूप घेऊन बसतो, निवडतो. आपण तर पाणीसुद्धा गाळून पितो, आणि गाळणं धुतलेलं पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. वापरण्याआधी बघायचं, टाकण्याआधी दोनदा बघायचं, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्या बायकांनी ‘सगळं पुसा’ या सल्ल्यापुढे मान डोलवावी?

यात दुकानातल्या मुलाचा दोष आहेच. शोधायला दोन तास लागतात आणि फॉरमॅट एका बाजूला लावून त्याला दुसरी चार कामं करता येतात. पण खरं सांगू? मला त्याच्यापेक्षा जास्त राग येतो तो आपल्या एका लाडक्या वाक्याचा: ‘मला बाई त्यातलं काही कळत नाही.’ हे वाक्य आपण असं कौतुकाने म्हणतो, जणू तो एखादा दागिना आहे. कुकरची शिट्टी न वाजताच वाफ सुटायला लागली तर गास्केट आहे की झाकण नीट बसलं नाही, हे आपण आवाजावरून सांगतो. इडलीचं पीठ फुगलं नाही तर थंडीमुळे की उडीद जुने म्हणून, हेही सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, फरक पडला का ते पाहायचं, मग दुसरी. संगणक दुरुस्त करणारा चांगला माणूस नेमकं हेच करतो. ही अक्कल आपल्याकडे आहे, फक्त ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून आपण बाहेर येतो.

आणि ‘संगणक हे बायकांचं काम नव्हे’ म्हणणाऱ्यांना इतिहासच सांगते. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘एनिॲक’ नावाचा संगणक जगापुढे आला. खोलीभर यंत्र, आत जवळपास १८,००० काचेच्या नळ्या. त्याचे पहिले प्रोग्राम तयार केले सहा बायकांनी. कुठली शिकवणी नव्हती. यंत्राच्या आकृत्या वाचून त्या शिकल्या आणि बिघाड झाला की नेमकी कोणती नळी गेली इथपर्यंत शोधून काढण्याइतक्या तयार झाल्या. जगाला यंत्र दाखवलं त्या वेळी त्यांची नावं कोणी घेतली नाहीत, तो भाग वेगळा. पण अठरा हजारांतली एक नळी शोधणाऱ्या त्या बायकांपुढे आपल्याला एक अडकलेला पेनड्राइव्ह दिसू नये?

फॉरमॅट कधीच करायचा नाही, असं माझं म्हणणं नाही. जुना संगणक कोणाला द्यायचा असेल तर आधी सगळं नीट पुसलंच पाहिजे. एखाद्या घातक प्रोग्रामने सगळं घर पोखरलं असेल तरी पर्याय उरत नाही. माझ्या भाचीच्या लग्नाची चित्रफीत पेनड्राइव्हवर जाईना, जागा भरपूर असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणे. तिला सांगितलं गेलं की पेनड्राइव्ह खराब आहे, नवा घ्या. तो ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने मांडलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही. रिकामाच होता, म्हणून मी स्वतः तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केला आणि लग्न त्यात मावलं. जुन्या टीव्हीला ती पद्धत कधी कधी वाचता येत नाही, तेवढं फक्त बघून घ्यायचं. म्हणजे औषध वाईट नाही. आजार न बघता दिलेलं औषध वाईट.

तेव्हा यापुढे संगणक घराबाहेर जाण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय डबा हातातून सोडायचा नाही. नेमकं काय बिघडलंय? ते तसंच कशावरून? आणि माझ्या फायली आधी कुठे काढून ठेवणार, ते मला उघडून दाखवाल का? ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर समजा की दुसरं दुकान शोधायची वेळ झाली. प्रणाली खरंच बदलायची असली तरी विंडोजमध्ये ‘माझ्या फायली ठेवून’ नव्याने बसवायची सोय असते. प्रोग्राम जातात, फोटो आणि कागद राहतात. ती का नाही वापरत, हेही विचारा. त्याआधीही वेगळी प्रत काढायचीच.

पडद्यावर काही लिहून आलं की घाबरून बंद करू नका, मोबाइलने फोटो काढा. ती ओळ म्हणजे रोग्याचं स्वतःचं म्हणणं आहे. एक छोटी वही संगणकाशेजारी ठेवा: तारीख, काय झालं, आदल्या दिवशी काय नवीन केलं, कशाने सुटलं. वर्षभरात ती वही दुकानातल्या मुलापेक्षा हुशार होते.

आणि प्रती! घरचे फोटो असोत की मंडळाचा हिशेब, एकाच जागी ठेवलेली वस्तू आपली नसते. संगणकात एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी घराबाहेर, मुलीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. ३१ मार्चला आपण मंडळाचं हिशेबाचं वर्ष मिटवतो. जगभर तोच दिवस ‘बॅकअप दिवस’ म्हणून पाळतात. तेव्हा ताळेबंदावर सही करण्याआधी खजिनदाराने प्रत काढून, ती उघडून सभेत दाखवावी असा ठराव मी आमच्या मंडळापुढे ठेवते आहे. तुमच्या मंडळातही ठेवा. न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेलं लोणचं, आत काय झालंय कोणास ठाऊक!

काकूंची अकरा वर्षं आता परत येणार नाहीत. ‘जाऊ दे, संगणकच तो’ असं त्यांचं सांत्वन करायला गेलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. संगणक आहे तसाच आहे, टेबलावर, एकदम फास्ट. गेलं ते काकूंचं आयुष्य होतं, आणि ते पुसण्याआधी त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

जय जिनेंद्र.